पाणी मारण्याआधी

सोलापूरहून दक्षिणेला निघालेली रेल्वे होटगीला पोचते आणि तिथं वाट फुटते: एक मार्ग वाडीकडे, दुसरा विजापूरवरून गदगकडे. कोळसा, क्लिंकर, राख अशा जड मालावर चालणाऱ्या उद्योगांना हा पट्टा रेल्वेमुळे सोयीचा आहे. होटगीत सिमेंटचा कारखाना आहे. जवळच फताटेवाडी-आहेरवाडीच्या माळावर एनटीपीसीचे प्रत्येकी ६६० मेगावॅटचे दोन संच आहेत. सोलापूरकडे जाताना होटगी रस्त्यालगत सिद्धेश्वर सहकारी साखर कारखाना लागतो. या मोठ्या नावांच्या आजूबाजूला, दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या रस्त्याकडेच्या कुठल्याही गावात असतो तसा, छोटा व्यवसायही आहे: वेल्डिंगची दुकानं, गॅरेज, खत-औषधांची कृषी सेवा केंद्रं, धान्याची गोदामं, ढाब्यांमागे रचलेली गॅसची सिलिंडरं.

यातल्या एखाद्या शेडला आग लागली तर अग्निशमन दलाची गाडी शहरातून येईपर्यंत पहिली धाव शेजाऱ्यांची असते. कुणी बोअरची मोटर सुरू करतं, कुणी पाण्याचा टँकर वळवून आणतं. या माणुसकीवरच गावं टिकून आहेत. पण आत काय ठेवलं आहे हे ठाऊक नसताना मारलेलं पाणी कधी आग भडकवतं, कधी विषारी वायू तयार करतं. आतला साठा काय आहे हे बाहेरच्यांना अपघाताच्या आधी कळलं पाहिजे, एवढ्या एका गोष्टीसाठी आपल्या देशात गेल्या चाळीस वर्षांत बरेच कायदे आणि नियम झाले. ते गावापर्यंत फारसे पोचलेले नाहीत. म्हणून हा लेख.

आधी पाण्याचंच पाहू. वेल्डिंगच्या दुकानात कार्बाइडचा डबा असतो. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन निघतो, आणि हवेतलं त्याचं प्रमाण अडीच टक्क्यांच्या वर गेलं की एक ठिणगी पुरते. वेल्डर हाच वायू मोजूनमापून तयार करतो. जळत्या दुकानात पाईपनं पाणी मारणारा माणूस तो नकळत आणि बेहिशोब तयार करतो. धान्याच्या गोदामात कीड मारायला ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वापरतात. नुसत्या दमट हवेनंही त्यातून फॉस्फिन सुटतो, कारण किडीला मारणारा तोच वायू आहे. गोळ्यांच्या साठ्यावर पाण्याचा फवारा गेला तर तो भराभर सुटतो, माणसालाही मारतो आणि स्वतः पेटतोही. साखर कारखान्यात रस निवळायला कळीचा चुना लागतो. पोत्यांवर पाणी पडलं की तो इतका तापतो की शेजारचं बारदान, लाकूड पेटू शकतं.

सोलापूर हे चादरी-टॉवेलचं शहर, म्हणून रंगशाळांमधल्या एका पदार्थाचा वेगळा उल्लेख करायला हवा. सोडियम हायड्रोसल्फाइट, ज्याला धंद्यात ‘हायड्रो’ म्हणतात, ही पांढरी भुकटी रंगाईत रोजची. तिच्या पिंपात थोडं पाणी किंवा ओल शिरली तर ती आतून तापत जाते, गंधकाचा उग्र वायू सोडते आणि आपोआप पेट घेऊ शकते. अशी आग विझवायची तर भरपूर पाण्यानं पुरती बुडवावी लागते किंवा पाण्याला हातच लावायचा नाही. दोन बादल्या ओतणं हा सगळ्यात वाईट पर्याय. त्याच आवारात हायड्रोजन पेरॉक्साइडचे कॅन असतात. ते स्वतः जळत नाही, पण ऑक्सिजन पुरवतं. कापसाच्या कचऱ्यावर सांडलं तर थोड्या वेळानं तो कचरा पेटू शकतो. ही दोन्ही रसायनं एका भिंतीला टेकवून ठेवलेली असतील तर ते आग लागण्याआधीच कुणीतरी लिहून ठेवलेलं असावं, नाही का?

वायूंची गोष्ट आणखी नाजूक. बर्फाच्या कारखान्यात, दूध शीतकरण प्रकल्पात, शीतगृहात अमोनिया असतो. हवेत पसरलेल्या अमोनियाच्या ढगावर दुरून बारीक फवारा मारला तर पाणी तो शोषून घेतं आणि खूप फायदा होतो. पण जमिनीवर साचलेल्या द्रव अमोनियावर पाणी ओतलं तर तो जोरात उकळतो आणि ढग वाढतो. पाणी शुद्ध करायला वापरल्या जाणाऱ्या क्लोरीनच्या सिलिंडरला जिथं गळती लागली आहे, नेमकं तिथं पाणी मारलं तर आम्ल तयार होऊन धातू खातं आणि भोक मोठं होतं. क्लोरीन हवेच्या सुमारे अडीचपट जड, म्हणून तो खोलगट जागेत, नाल्यात, तळघरात उतरतो. त्यापासून पळताना वाऱ्याला आडवं आणि चढाच्या दिशेनं जायचं. ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्याच्या खोलीतली टीसीएल पावडर तर प्रत्येक गावात आहे. तिच्यावर ॲसिड सांडलं तर क्लोरीन निघतो; डिझेल किंवा ऑइलच्या डब्यांशेजारी ती ठेवणंही धोक्याचं. म्हणजे ज्यांनी गावातल्या साठ्यांची चौकशी करायची, त्या ग्रामपंचायतीकडेही नोंद करण्याजोगा एक साठा आहेच.

कोळशाच्या ढिगात आतून धुमसणारी आग असते, तिच्यावर जोराचा झोत मारला की कोळशाची भुकटी उडते आणि तीच स्फोटासारखी पेटू शकते. गॅसच्या सिलिंडरच्या बाबतीत उलट: गळती बंद करता येत नसेल तर ज्योत विझवायची नाही, सिलिंडरवर लांबून पाणी मारत तो थंड ठेवायचा. प्रत्येक पदार्थाचा न्याय निराळा आहे आणि तो ऐनवेळी आठवून करता येत नाही.

आता कायद्याकडे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये मिथिल आयसोसायनेट सुटला, तेव्हा पळणाऱ्या लोकांना कुठल्या दिशेनं जावं हे माहीत नव्हतं, आणि दवाखान्यातल्या डॉक्टरांना नेमका कुठला वायू आहे, त्यावर उपचार काय, हे नीट कळलं नव्हतं. माझ्या मते भोपाळचा हा भाग, माहिती नसल्यामुळे गेलेल्या जिवांचा, आपण पुरेसा लक्षात ठेवलेला नाही. कायदे करणाऱ्यांनी मात्र ठेवला. १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९८७ मध्ये कारखाना कायद्यात धोकादायक प्रक्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण घातलं गेलं. २७ नोव्हेंबर १९८९ ला घातक रसायनांचं उत्पादन, साठवण आणि आयात यांचे नियम लागू झाले, आणि १९९६ मध्ये रासायनिक अपघातांच्या आपत्कालीन नियोजनाचे. अमेरिकेतही १९८६ साली भोपाळच्या धक्क्यानंतरच कायदा झाला. तिथं घातक रसायनांचा ठरावीक मर्यादेहून जास्त साठा ठेवणाऱ्या व्यवसायाला दरवर्षी १ मार्चपर्यंत त्याची यादी स्थानिक अग्निशमन दलाला आणि नियोजन समितीला द्यावी लागते. आपल्याकडे दरवर्षीची एवढी सरळ, एका कागदाची पद्धत नाही. तरतुदी बऱ्याच आहेत, पण वेगवेगळ्या कायद्यांत विखुरलेल्या.

कारखाना कायद्याच्या १९८७ च्या दुरुस्तीत एक मोलाची गोष्ट होती. भोगवटादारानं, म्हणजे कारखाना ज्याच्या ताब्यात आहे त्यानं, धोक्याची आणि त्यावरच्या उपायांची माहिती फक्त सरकारी निरीक्षकाला नव्हे, तर कामगारांना, स्थानिक प्राधिकरणाला आणि आसपासच्या जनतेलाही द्यायची. ज्या उद्योगांना हे लागू होऊ शकतं त्यांची २९ प्रकारांची अनुसूची कायद्याला जोडली. तिच्यात वीजनिर्मिती आहे, सिमेंट आहे, मद्यार्काच्या डिस्टिलरी आहेत, आणि ज्वालाग्राही द्रव-वायू हाताळणारे उद्योगही आहेत. होटगीच्या माणसानं ही यादी वाचली तर त्यातल्या दोन ओळी त्याला घराच्या गच्चीवरून दिसतील. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता लागू झाली आणि कारखाना कायदा तिच्यात विलीन झाला. माहिती उघड करण्याचं बंधन त्या संहितेतही आहे. मात्र विजेवर चालणाऱ्या जागी २० कामगार असले तरच तिला कारखाना म्हणायचं, अशी नवी व्याख्या आहे. आठ-दहा माणसांवर चालणारी शेड या व्याख्येतून निसटते.

१९८९ चे नियम मोजतात ते माणसं नव्हे, साठा. प्रत्येक रसायनासाठी दोन उंबरठे दिले आहेत. नुसत्या साठवणुकीत क्लोरीनचा पहिला उंबरठा १० टनांचा, दुसरा २५ टनांचा. अमोनियासाठी ६० आणि ६०० टन. पहिला ओलांडला की जागेची सूचना काम सुरू होण्याच्या तीन महिने आधी द्यायची, आवारातला आपत्कालीन आराखडा लेखी तयार ठेवायचा, त्याची मॉक ड्रिल दर सहा महिन्यांनी घ्यायची. आवाराबाहेरचा आराखडा जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर तयार होतो, आणि त्याची तालीम वर्षातून किमान एकदा. दुसरा उंबरठा ओलांडला की सविस्तर सुरक्षा अहवाल. मोठा अपघात झाला तर ४८ तासांच्या आत कळवणं बंधनकारक आहे. महाराष्ट्रात कारखान्यांसाठी हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय पाहतं. आणि नियम १५ सांगतो की धोका काय, अपघात झाला तर काय करावं आणि काय करू नये, हे आवाराबाहेरच्या, झळ पोचू शकणाऱ्या लोकांना भोगवटादारानं सांगायचं. हे पत्रक मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागलेलं असलं पाहिजे असं मला ठामपणे वाटतं. आजूबाजूच्या वस्तीला न कळणाऱ्या भाषेत दिलेली माहिती ही माहिती नव्हेच.

उंबरठ्याचा हिशोब करून पाहू. क्लोरीनच्या एका मोठ्या सिलिंडरमध्ये, ज्याला पाणीपुरवठ्यातले लोक टनर म्हणतात, सुमारे ९०० किलो वायू असतो. बारा टनर म्हणजे १०.८ टन, म्हणजे आराखडा हवा, तालीम हवी, लोकांना माहिती हवी. अकरा टनर म्हणजे ९.९ टन, आणि यातलं बहुतेक गळून पडतं. पण शेजारी राहणाऱ्यासाठी एका टनरची गळतीही तितकीच जीवघेणी असू शकते. बर्फाच्या कारखान्यातला अमोनिया तर ६० टनांच्या जवळपासही जात नाही. उंबरठा हा सरकारच्या सोयीचा आकडा आहे. सगळीकडे लक्ष ठेवता येत नाही म्हणून मोठ्यांवर ठेवायचं.

त्या उंबरठ्याखाली दुसरे परवाने आहेत. पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संस्था, जिचं मुख्यालय नागपूरला आहे, ती इंधन आणि दाबाखालचे वायू पाहते. ढाबेवाल्यानं एका वेळी १०० किलोपर्यंत एलपीजीची सिलिंडरं विनापरवाना ठेवावीत, त्यावर गेलं की परवाना. १९ किलोची पाच म्हणजे ९५ किलो. सहावं आलं की मर्यादा मोडली. विषारी वायूची पाचपर्यंत सिलिंडरं चालतात. डिझेलला एकूण २,५०० लिटरच्या आत, आणि एकेका टाकीत १,००० लिटरहून जास्त नाही, या अटीवर सूट आहे. विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल ३० लिटरच्या आत. महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायदा २००६ नुसार, ज्या इमारतींना तो लागू आहे, त्यांच्या मालकानं जानेवारी आणि जुलै अशी वर्षातून दोनदा, अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून घेऊन द्यायचं असतं.

विकत घेतलेल्या प्रत्येक घातक रसायनाबरोबर सेफ्टी डेटा शीट मागण्याचा हक्क मात्र लहान दुकानदारालाही आहे. आजच्या पद्धतीच्या शीटमध्ये सोळा भाग असतात. सगळे वाचायची गरज नाही. चौथ्या भागात प्रथमोपचार, पाचव्यात आग कशी विझवायची आणि कशी विझवायची नाही, सहाव्यात सांडलं तर काय करायचं. पाणी चालतं की नाही, याचं उत्तर पाचव्या भागात असतं. त्या तीन भागांतलं मराठीत उतरवून दारामागे चिकटवलं तरी खूप झालं.

छोट्या व्यवसायानं कायद्याची वाट न पाहता एक पान लिहावं, असं माझं सांगणं आहे. कृषी सेवा केंद्रांना खतांचा साठा आणि दर फलकावर लिहायची सवय आहेच. खत नियंत्रण आदेशानं ती लावली. त्याच धर्तीवर शेडमध्ये काय, साधारण किती, कुठल्या कोपऱ्यात; पाणी चालेल का; विजेचा मेन स्विच आणि गॅसचा व्हॉल्व्ह कुठे; मागच्या बाजूला वाट आहे का; रात्री कोणाला फोन करायचा. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक पोलीस पाटलांकडे, एक जवळच्या अग्निशमन केंद्रात. दारावर असलेली प्रत आगीत पहिली जाते, म्हणून या प्रती शेडबाहेर असणं महत्त्वाचं.

त्या पानावर माणसंही असावीत. १८ मे २०२५ च्या पहाटे सोलापूरच्या अक्कलकोट रस्ता एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली आणि आठ जण गेले. कारखाना आणि राहण्याची जागा एकाच इमारतीत होती. कापड, सूत, त्याची धूळ यांची आग किती वेगानं वर चढते हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. पण आपल्या यंत्रमागाच्या, रंगाईच्या, गोदामांच्या वस्तीत मालावरच झोपणारे कामगार आणि माडीवर राहणारी कुटुंबं आहेत. रात्री आत किती माणसं असतात, कुठल्या मजल्यावर आणि त्यांना बाहेर पडायला दुसरा रस्ता आहे का, हे जवानांना पहिल्या मिनिटाला कळलं पाहिजे. यासाठी कुठल्याही परवान्याची गरज नाही.

नोंद नसलेला साठा काय करतो याचं उदाहरण मुंबईत आहे. १४ जुलै २०१० ला शिवडीजवळ हाजी बंदरला क्लोरीनची गळती झाली आणि शंभराच्या आसपास लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. सिलिंडर तिथं वर्षानुवर्षं बेवारस पडून होते. ज्याचा माल होता तो नेत नव्हता, आणि ज्याच्या जागेत होता त्याच्या रोजच्या व्यवहारात तो कुठे येत नव्हता. बंद पडलेले कारखाने, दिवाळखोरीत अडकलेली शेड, वारसांच्या भांडणात कुलूप लागलेलं गोदाम, ही सगळी अशीच ठिकाणं. चालू कारखान्यात निदान कुणीतरी जबाबदार असतो. बंद जागेतल्या पिंपांची चौकशी ग्रामपंचायतीनं आपण होऊन करावी.

रस्त्यावरून जाणारा धोका ओळखणं त्या मानानं सोपं आहे, कारण तो पाठीवर लिहिलेला असतो. सोलापूरजवळ पाकणीला पेट्रोलियम कंपन्यांचे डेपो आहेत, तिथून टँकर सगळीकडे जातात. टँकरच्या मागच्या फलकावर पदार्थाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो: पेट्रोल १२०३, डिझेल १२०२, क्लोरीन १०१७, अमोनिया १००५, एलपीजी १०७५. वरच्या रकान्यात एक आकडा आणि अक्षरं असतात. पेट्रोलच्या टँकरवर ‘३ वाय ई’ दिसतं. ३ म्हणजे फेस वापरा. वाय म्हणजे जोराची अभिक्रिया होऊ शकते, श्वसनयंत्र लावा, सांडलेलं अडवून धरा, गटारात जाऊ देऊ नका. ई म्हणजे परिसर रिकामा करण्याचा विचार करा. आकडा २ असेल तर पाण्याचा बारीक फवारा, ४ असेल तर पाणी अजिबात नको. अपघात पाहणाऱ्यानं ११२ ला फोन करून हा चार आकडी क्रमांक आणि वाऱ्याची दिशा सांगितली तर येणारी गाडी योग्य तयारीनं निघेल. उलटलेल्या टँकरमधलं पेट्रोल बादल्यांत भरायला गर्दी होते, तेव्हा हा फलक कुणी वाचत नाही, ही मात्र आपल्याकडची जुनी दुःखद गोष्ट आहे.

आणि शेवटी १९९६ चे नियम, जे मला सगळ्यांत गावाच्या जवळचे वाटतात. मोठ्या धोक्याचे उद्योग असलेल्या औद्योगिक पट्ट्यासाठी स्थानिक आपत्ती गट असावा, असं ते सांगतात. अध्यक्ष प्रांताधिकारी. सदस्यांत कारखाना निरीक्षक, अग्निशमन अधिकारी, पोलीस ठाण्याचा प्रमुख, गटविकास अधिकारी, उद्योगांचे आणि घातक मालाच्या वाहतूकदारांचे प्रतिनिधी, डॉक्टर, समाजसेवक, स्थानिक वृत्तपत्राचा संपादक आणि गावचा सरपंच किंवा लोकप्रतिनिधी. बैठक महिन्यातून एकदा, पूर्ण स्वरूपाची मॉक ड्रिल सहा महिन्यांतून एकदा. जिल्हा गटाची बैठक ४५ दिवसांतून एकदा. सरपंचाला आणि डॉक्टरला एकाच टेबलावर कारखान्याच्या अधिकाऱ्याला प्रश्न विचारता यावेत, अशी ही रचना.

ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. तिथं कुणीही विचारू शकतं: आपला पट्टा कुठल्या स्थानिक आपत्ती गटात येतो, गेल्या मॉक ड्रिलची तारीख काय, त्यात गावाचं कोण होतं, नियम १५ चं पत्रक आपल्याकडे आलं का. उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर हेच प्रश्न जिल्हाधिकारी कार्यालयाला आणि औद्योगिक सुरक्षा संचालनालयाला विचारता येतात. मॉक ड्रिल सकाळी अकराला, सगळे अधिकारी हजर असताना घेण्यापेक्षा रात्रपाळीत घ्यावी, असा ठरावही ग्रामसभेनं करावा. भोपाळचा वायू मध्यरात्रीनंतर सुटला होता, आणि सोलापूरची आग पहाटेची होती.